चिंचेवरची वसाहत

प्राणी आणि माणसं एखादी जागा धरून वसाहत का करतात आणि ती का सोडतात, हा आमच्या संशोधनाचा विषय. अंबाजोगाईच्या कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवते. माझ्या वाट्याला वटवाघळं आली, इतिहासाच्या सरांच्या वाट्याला माणसं. दोघांना एकच गाव सोयीचं पडलं. जुनं गाव धरणात गेलं म्हणून केजकडच्या माळावर उठून आलेलं, आणि वेशीवर वटवाघळांनी लगडलेल्या जुन्या चिंचा.

यंदाच्या एप्रिलात तिथली एक लहान मुलगी तापानं फणफणली. तिला अंबाजोगाईच्या दवाखान्यात हलवलं आणि इकडे कुणीतरी वटवाघळांमुळं होणाऱ्या रोगाचा व्हिडिओ गावभर फिरवला. मी नोंदी घ्यायला पोचले, तर मुलीचा बाप लाकूड कापायची मशीन घेऊन चिंचेखाली उभा. वर माद्या पिल्लं छातीशी धरून लटकल्या होत्या.

रक्ताचा रिपोर्ट दुपारपर्यंत येईल, तोवर थांबा, म्हणून मी विनवलं. माणूस वाईट नव्हता. त्याच्याच ओट्यावर मी कितीदा फुकटचा चहा प्याले होते. त्यानं मशीन खाली ठेवली आणि शांतपणे विचारलं, "मॅडम, ह्येंच्यामुळं न्हाई, आसं खात्रीनं सांगता का?"

हो म्हणायला माझं काय जात होतं? पण आमचा धंदाच असा, की खात्री म्हटलं की जीभ अडते. शक्यता फार कमी आहे, म्हणाले.

"कमी म्हंजी हाय की."

त्यानं दोरी ओढून मशीन सुरू केली. आवाजासरशी भर उन्हात अख्खी वसाहत उठली आणि डोक्यावर घिरट्या घालू लागली. मला स्वतःचाच संताप आला. मी बुंध्याला पाठ लावून उभी राहिले. शौर्य वगैरे काही नाही, दुसरं सुचलंच नाही. तो शिव्या देत होता आणि रडतही होता. तेवढ्यात माझा फोन थरथरला. तो फोन उचलत नव्हता म्हणून दवाखान्यातून त्याची बायको माझ्याशीच बोलत होती. डेंग्यू निघाला होता, पण ताप उतरत होता. मी ओरडूनच त्याला ते सांगितलं.

मशीन बंद करून तो मातीतच बसला. मीही बसले. सुटले बाई एकदाची, असं वाटलं. मग मास्तरकीच्या सवयीनं सांगू लागले, की हा रोग डासांचा, ते डास घरात साठवलेल्या पाण्यात वाढतात, तेव्हा ड्रम आजच्या आज ओता. त्याचा धाकटा मुलगा घरातच होता.

त्यानं मान वर केली. "धरणापायी आमच्या बापानं गाव दिलं. आता हे ड्रमातलं पाणी बी मीच ओतून देऊ का?"

टँकर कालच येऊन गेला होता. पुढचा आता थेट सोमवारी.