हवा बघणाऱ्या इंदूआक्का

रोज सकाळी इंदूआक्कांची पांढरी गाडी आमच्या गल्लीतून निघायची, चौकापर्यंत जायची आणि कडेला थांबायची. मागून कुणी कितीही हॉर्न वाजवू दे, आक्का हलत नसत. चष्मा नाकावर ओढून स्टिअरिंगमागच्या पडद्यावर चारही टायरांच्या हवेचे आकडे वाचत. मी त्यांचा शेजारी, शाळामास्तर. त्यांच्या गाडीत पहिल्यांदा बसलो तेव्हा मी विचारलं, "आक्का, घरासमोरच का बघत नाही?"

"उभ्या गाडीचा आकडा शिळा असतोय, मास्तर. जरा चालली की मग खरं बोलती."

आक्का सरकारी दवाखान्यातल्या नर्स. नवरा लवकर गेला, मुलगा पुण्याला. निवृत्त झाल्या त्याच वर्षी त्यांनी गाडी घेतली आणि चालवायला शिकल्या. धाकटे दीर दिनकरराव समजूत घालायला आले. "वहिनी, ह्या वयात कशाला? ड्रायव्हर ठेवा."

"जन्मभर लोकांच्या नाड्या बघितल्या, भावजी. आता माझी गाडी मीच बघती."

हवा किती भरायची यावर गल्लीत प्रत्येकाचं मत होतं. पंपावरचा पस्तीस म्हणे, दिनकरराव चाळीस. आक्का ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून चौकटीवर कंपनीनं चिकटवलेल्या कागदावर बोट ठेवत. "हितं तेहतीस लिवलंय. औषधाचा डोस मी कधी पावण्यांना इचारून दिला न्हाय."

दिनकररावांच्या मुलीचा, पल्लवीचा साखरपुडा राधानगरीला मुलाकडे होता. गाडीत आम्ही पाच जण : गाडी चालवायला आक्का, त्यांच्या शेजारी दिनकरराव, मागे त्यांची बायको, पल्लवी आणि मी. अर्धा रस्ता झाला असेल, आक्का एकदम म्हणाल्या, "डावं मागचं चाक तीसवर आलंय."

"सेन्सर बिघडला असंल. चला," दिनकरराव म्हणाले.

"बाकीची तीन तापून वर चालल्यात, ह्ये एकटंच खाली यायलंय. सेन्सर कसा बिघडंल?"

थोड्या वेळानं सत्तावीस. मग पडद्यावर पिवळा दिवा लागला. आक्कांनी उसाच्या कडेला सपाट जागा बघून गाडी थांबवली. दिनकरराव रागानं उतरले आणि त्या चाकाला लाथ घातली. "बघा, दगडागत हाय! मुहूर्त टळंल. आता मी सांगतोय तसं करा, गाडी काढा!"

"लाथ घालून कळत असतं, तर दवाखान्यात आमी पेशंटला लाथाच घातल्या असत्या की."

"चावी द्या हिकडं."

आक्कांनी चावी कमरेच्या पिशवीत टाकली. इरकलीचा पदर खोचला, डिकीतून जॅक काढला. "मास्तर, पुढच्या चाकाला दगड लावा," एवढंच मला म्हणाल्या. मी गडबडीत भलत्याच चाकाला लावला, तेव्हा तोही त्यांनीच काढून नीट लावला. नट सैल करताना पान्यावर उभ्या राहिल्या. पल्लवी नवी साडी सावरत खाली उतरली आणि स्टेपनी धरायला गेली. "तू बस आत!" बाप ओरडला. ती बसली नाही.

आम्ही पाऊण तास उशिरा पोचलो. मुहूर्त गेला होता. मांडवात सगळ्यांसमोर मुलाच्या वडिलांनी उशिराचं कारण विचारलं. दिनकररावांनी वहिनीकडे बोट दाखवलं, "ह्यांच्या आडमुठेपणामुळं."

आक्का उठून उभ्या राहिल्या. हातांना अजून वंगण होतं. "व्हय, माझ्यामुळंच. पाच माणसं गाडीत घातलीती, पाचीच्या पाची आणल्यात. मोजून घ्या."

मग मुलाच्या आजीनं आक्कांना हात धुवायला पाणी दिलं आणि भटजींनी पुढचा मुहूर्त काढला.

दुसऱ्या दिवशी पंक्चरवाल्यानं बारीक खिळा काढून दाखवला. "पोचला असता आक्का एवढ्यावर."

"असता-नसता मला सांगू नगंस. चिकटव."

दिनकररावांनी बोलणं तोडलं. लग्नाची पत्रिका आक्कांकडे आलीच नाही. लग्नादिवशी सकाळी त्या नटूनथटून गाडीत बसल्या. मी म्हटलं, "आक्का, आमंत्रण नाही ना?"

"मांडव भावजींचा असंल. पुतणी माझी हाय."

गेल्या, पहिल्या पंगतीला जेवल्या, अक्षता टाकून परत आल्या. माफी मागायला मात्र कधीच गेल्या नाहीत. लग्नानंतर पल्लवी माहेरी आली की दोन दिवस आक्कांकडे राहायची. दोघी मिळून सकाळी कुठं जातात, हे दिनकररावांना कुणी सांगितलं नाही.

गेल्या थंडीत तीन दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन आक्का गेल्या. दुपारी त्यांच्या अंगणात माणसं जमली होती. एक गाडी येऊन थांबली आणि पल्लवी उतरली. दारात उभ्या असलेल्या दिनकररावांनी गाडीत डोकावून पाहिलं. जावई नव्हते, ड्रायव्हरही नव्हता.

"कुणासंगं आलीस?"

"एकटी आले. राधानगरीपासून."

दिनकररावांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. पल्लवी थांबली नाही. "सरका, आबा," म्हणाली आणि आत गेली.