वानोळ्यात गेलेल्या खारोड्या

आमच्या घरातला एक धंदा बसला, तेव्हा सगळ्यांनी दोष नेटवर्कला दिला. नेटवर्कने तो मुकाट्याने घेतला, म्हणून मीही मुकाट बसलो. त्याला आता काही वर्षं झाली. लग्नात, दहाव्यात, कुठेही विषय ऑनलाईन धंद्याकडे वळला की मला हमखास लघवीला जावं लागे. (वय झाल्यामुळे कुणाला संशय आला नाही.) पण आता थकलो. गोष्ट लपवून ठेवायलाही ताकद लागते आणि माझ्याकडे जी उरली आहे ती सगळी गुडघे घेतात. तेव्हा सांगून टाकतो. धंदा नेटवर्कने बुडवला नाही, मी बुडवला.

धंदा सुनेचा होता. मनीषा म्हणजे माझ्या संदीपची बायको. संदीप सुप्याला कंपनीत असतो, आठवड्याने घरी येतो, झोपतो आणि जातो. घर, शेरडं, मी आणि माझी बायको सुभद्रा, हे सगळं मनीषा बघते. आणि दर उन्हाळ्यात ती खारोड्या करते. बाजरीचा भरडा तिखट, मीठ, तीळ, लसूण घालून शिजवायचा, चिमूट चिमूट करून उन्हात घालायचा, आणि वाळला की वर्षभर शेंगदाण्याबरोबर खात बसायचं. आमच्या तिसगावात घरोघरी करतात. आमच्याकडच्या उन्हाचा तेवढाच एक उपयोग आहे. पण मनीषाच्या खारोडीला शेजारची माणसं वास घेत जिन्यापर्यंत येत.

एका उन्हाळ्यात तिने मला सांगितलं की यंदा खारोड्या विकायच्या, त्याही मोबाईलवरून. मी कारण विचारलं. ती म्हणाली, "आबा, माझ्या नावानं कायतरी असू द्या की. सातबाऱ्यावर तुमी, रेशनकार्डावर आत्याबाई, लाईटबिलावर तर अजून आजेसासरे हायेत. माझं नाव फकस्त मतदार यादीत, ते बी चुकलेलं."

धंद्याचं नाव ठरलं 'मनीषा खारोडी'.

पाथर्डीला बचत गटाच्या बायकांसाठी एका दिवसाचं शिबिर होतं. ऑनलाईन धंदा कसा करावा, छोट्या दुकानाने लोकांच्या नजरेत कसं यावं, असा विषय. सोबतीला मी गेलो. (जेवणही होतं.) नगरहून आलेल्या एक तरुण मॅडम शिकवत होत्या. दुकान नकाशावर टाका. फोटो उजेडात काढा. गिऱ्हाइकाने बरंवाईट काही लिहिलं तर लगेच उत्तर द्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं त्यांनी दोनदा सांगितलं, "तुमचं दुकान म्हणजे भिंती नाहीत. फोन उचलणारा माणूस, तेच तुमचं दुकान."

मग त्यांनी एकेकीच्या दुकानाचं ऑनलाईन पान स्वतः बनवून द्यायला घेतलं. मनीषाची पाळी आली. फोन नंबर काय टाकायचा, असं मॅडमनी विचारलं. मनीषाने सांगायला तोंड उघडलं आणि मागच्या खुर्चीवरून मी उभा राहिलो.

"सुनेचा नंबर सगळ्या जगाला कशाला? माझा टाका."

मनीषाने मागे वळून बघितलं. मॅडमनी विचारलं, "आजोबा, पण फोन उचलाल ना?"

मी हसलो. हसण्यासारखंच होतं ते. माझी सगळी नोकरी बसस्थानकाच्या चौकशी खिडकीत गेली. फोन उचलणं याखेरीज मी आयुष्यात दुसरं काही केलेलंच नाही. मॅडमनी माझा नंबर टाकला, त्यामुळे पान माझ्याच मोबाईलवर उघडलं गेलं आणि नकाशावरची खूण कुठे लावायची हेही मलाच विचारलं. आमचं घर गल्लीत आत आहे, कुणाला सापडणार? मी खूण बसस्थानकावर लावली. ते सगळ्यांना माहीत असतं.

पहिला फोन आला तेव्हा मी दुपारचा आडवा झालो होतो. पलीकडच्या माणसाने खारोडी मिळेल का विचारलं. आता खरं सांगतो, माझ्या मनात काही वाईट नव्हतं. पण फोन कानाला लागला की माझा आवाज आपोआप खिडकीतला होतो.

"सांगता येत नाही," मी म्हणालो.

"मग कधी मिळेल?"

"वाळली की सांगू."

"आत्ता ऑर्डर देऊन ठेवू का?"

"फोनवर होत नाही. इथं यावं लागेल."

पलीकडून फोन बंद झाला. मी समाधानाने कूस बदलली. नोकरीत असताना यापेक्षा जास्त माहिती मी कधीच कुणाला दिली नव्हती.

असे फोन येत राहिले. अनोळखी माणसाला मी खिडकीतून उत्तर देत होतो, हे एक झालं. पण ओळखीचा निघाला तर त्याहून पंचाईत. कारण गाव विचारल्याशिवाय मला पुढे बोलता येत नाही, आणि गाव विचारलं की आमच्या जिल्ह्यात नातं निघाल्याशिवाय राहत नाही. पुणतांब्याहून एका बाईंचा फोन आला. कुणाच्या, कुणाकडच्या, असं करत करत त्या माझ्या मेव्हण्याच्या साडूच्या शेजारच्या निघाल्या. आता त्यांच्याकडून पैसे कसे घ्यायचे?

इथे एक सांगायला हवं. आमच्याकडे वाळवण विकत नाहीत. शेतात, घरात जे नवं झालं ते आधी चार घरी द्यायचं, याला वानोळा म्हणतात. माझ्या आईने कुरडया दिल्या, आजीने सांडगे दिले, पैसे कुणी घेतले नाहीत. मनीषाचा धंदा मला तत्त्वतः मान्य होता. फक्त समोर माणूस आला की तत्त्व आठवत नसे. पुणतांब्याला मी ओळखीच्या चालकाच्या हाती पिशवी भरून खारोड्या धाडल्या.

मनीषाने विचारलं तेव्हा पाहुण्यांना दिल्या, असं सांगितलं. ती म्हणाली, "द्या की. घरच्याच हायेत." आपलं गिऱ्हाईक येईल अशी तेव्हा तिला आशा होती, म्हणून तिचं मन मोठं होतं.

गिऱ्हाईक खरंच आलं. पुण्याहून एक जोडपं गाडी घेऊन आलं. नकाशा बघत बघत ते थेट बसस्थानकात शिरलं आणि पाथर्डीच्या गाडीसमोर आडवं उभं राहिलं. मागे हॉर्न, कंडक्टरचा आरडाओरडा, आणि काच खाली करून ती बाई रसवंतीवाल्याला विचारतेय, मनीषा खारोडी कुठे मिळेल. त्यांनी मला फोन केला. मी धावत (म्हणजे माझ्या मानाने धावत) गेलो आणि त्यांना घरी आणलं.

एवढ्या उन्हात आलेली माणसं. त्यांना काय दारातून पिशवी देऊन परत पाठवायचं? मी मनीषाला आवाज दिला, पुण्याचे पाहुणे आलेत, जेवणाचं बघ. तिने चूल पेटवली. पिठलं केलं, ठेचा केला, गरम भाकरी थापल्या. स्वतःच्या गिऱ्हाइकाला ती घामाघूम होऊन वाढत होती आणि तिला वाटत होतं, हे आबांचे जुन्या ओळखीचे साहेब असतील. त्या बाईंनी खारोडी तोंडात टाकली आणि म्हणाल्या, "ताई, काय सुंदर झालीय हो!" मनीषा लाजली. पाहुणे चांगलंच म्हणतात, त्यात काय विशेष, असं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

निघताना बाईंनी पर्स उघडली. मनीषा आत भांड्यांत होती. मी हात जोडले. "अहो, वाळवणाचे पैसे घेतात का कुठं? वानोळा म्हणून न्या." त्यांना काही कळेना. नवरा बायको एकमेकांकडे बघत, खारोड्यांचा मोठा डबा मांडीवर घेऊन, चोरी करून निघाल्यासारखे गेले.

सुभद्रा ओट्यावरून म्हणाली, "पाहुणं तुमचं आन् भाकरी सुनंच्या." तिला तरी कुठे माहीत होतं की पाहुणेही सुनेचेच.

एवढ्यावर थांबलं असतं तर धंदा लंगडत का होईना, चालला असता. पण कर्जतहून एका बाईंचा फोन आला. गोड बोलल्या. म्हणाल्या, आजोबा, तुमच्याकडची खारोडी पुतणीने आणली होती, असली चव आमच्याकडे येत नाही, काय घालता? इतक्या वर्षांत फोनवर मला कुणी काही विचारलं आणि त्याचं उत्तर मला येत होतं, असं पहिल्यांदाच घडत होतं. मी उठून बसलो. भरडा रात्रभर आंबट ताकात भिजवायचा. लसूण सालासकट ठेचायचा. तीळ भाजायचे नाहीत. सगळं सांगितलं. वर म्हणालो, एवढ्या लांबून कशाला मागवता, घरीच करा, सोपं आहे. त्यांनी मला सावकाश परत सांगायला लावलं. मीही सावकाश सांगितलं.

फोन ठेवला आणि बघतो तर मनीषा जिन्यावरून उतरत होती. डोक्यावर परात, हाताला लसणाचा वास, उन्हाने तोंड लाल. तिने परात ठेवली आणि कधी नव्हे ते समोर बसली.

"आबा, एक इचारू? येखादा तरी फोन आला का?"

आता माझ्याकडे बघून कुणालाही वाटेल की हा माणूस भोळा आहे, याला कळलंच नसेल. कळलं होतं. त्याच क्षणी सगळं एकदम कळलं. तो 'सांगता येत नाही' ऐकून गेलेला माणूस, त्या पुणतांब्याच्या बाई, ते पुण्याचं जोडपं, हे सगळे पाहुणे नव्हते, हीच तिची गिऱ्हाइकं होती. मी तोंड उघडलं.

"न्हाई," मी म्हणालो. "तसा कुणाचा न्हाई."

तिने परात पुढ्यात ओढली. मग म्हणाली, "माझ्या हाताला चवच न्हाई, आबा. घरातली मानसं आपली चांगलं म्हंत्यात."

"नेटवर्कचं बी असंल," मी म्हणालो.

संदीप आला तेव्हा त्यानेही नेटवर्कच म्हटलं. शेजाऱ्यांनी तेच म्हटलं. मनीषाने ते पान कधी उघडून बघितलं नाही. आबांच्या मोबाईलवर आहे म्हणजे नीटच असणार, असा तिचा विश्वास. पुढच्या उन्हाळ्यात गच्ची मोकळी राहिली. आता ती बाजारात एका कापडदुकानात साड्यांच्या घड्या घालायला जाते. दुकानाच्या पाटीवर मालकाच्या आईचं नाव आहे.

गेल्या दिवाळीच्या आधी ती दुकानातून येताना एक पाकीट घेऊन आली. खारोडीचं. वर छापील फोटो, चांगल्या उजेडात काढलेला. खाली 'सुलोचना खारोडी, कर्जत' आणि एका बाईचा हसरा चेहरा. मनीषाने पाकीट फोडून माझ्या हातावर चार दाणे ठेवले. मी एक तोंडात टाकला. आंबट ताक. सालासकट लसूण. न भाजलेले तीळ.

"बगा आबा," मनीषा म्हणाली, "ह्याला म्हंत्यात हाताची चव."

मी चावत राहिलो. बराच वेळ चावत राहिलो. दात कमी आहेत, हे कारण त्या दिवशी फार उपयोगी पडलं.

तेव्हापासून मी तिची माफी मागतो आहे. म्हणजे मागायला घेतो आहे. सकाळी ती चहा आणते तेव्हा घरात कुणी नसतं. मी सुरुवात करतो, "मनीषा, एक सांगायचं हुतं."

"साखर कमी हाय का?"

"व्हय," मी म्हणतो.

दुसऱ्या दिवशी ती चमचाभर जास्त घालते. मी पुन्हा सुरुवात करतो. ती पुन्हा साखर वाढवते. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि विचारलं, काका, असं काय खाता? मी काय सांगणार! माफी पोटात राहिली की साखर होते, हे त्यांच्या पुस्तकात नसावं.

तोंडाने जमत नाही तर लिहून बघू, म्हणून परवा ते जुनं पान उघडलं. इतक्या वर्षांनी. पान जिवंत होतं, आणि त्यावर लोकांनी लिहून ठेवलं होतं. एकाने लिहिलं होतं, 'खारोडी अप्रतिम असावी, पण चौकशी करणाऱ्यास उत्तर मिळत नाही.' पुण्याच्या बाईंनी लिहिलं होतं, 'चव विसरता येत नाही. पैसे घेतले नाहीत, जेवू घातलं. नेमका काय प्रकार होता कळलं नाही. परत जायची लाज वाटते.' सगळ्यांनी चव वाखाणली होती. प्रत्येकाने. हे सगळं मनीषाच्या नावाखाली होतं आणि तिने यातलं एक अक्षर वाचलेलं नव्हतं.

मी चष्मा पुसला आणि त्याखाली माझं लिहिलं. एका बोटाने, अर्धी दुपार लागली. 'मनीषा, तुझ्या हाताला चव आहे. फोन येत होते. मी खोटं बोललो. मला माफ कर. आबा.' आणि बटण दाबलं. हलकं वाटलं. आता ही माफी जिथे जायची तिथे जाईल.

ती गेली. लगेच माझ्याच खिशात वाजलं. मोबाईल काढून बघितला. 'आपल्या व्यवसायाबद्दल नवा अभिप्राय आला आहे. ग्राहकाला त्वरित उत्तर द्या.'

आतून मनीषाने विचारलं, "आबा, कुणाचं वाजलं?"

"कुणाचं न्हाई," मी म्हणालो.

मग मॅडमनी शिकवल्याप्रमाणे मी त्या ग्राहकाला त्वरित उत्तर लिहिलं. 'आज सांगता येत नाही. जमलं की सांगू.'