चोरून काढलेला फोटो

सगळे त्याला बोका म्हणत. मांजराच्या पावलांनी यायचा, काम उरकायचा, कधी आला नि कधी गेला कुणाला पत्ता नाही. बावीस वर्षं लग्नांचे फोटो काढले, पण एकदा तरी "इकडे बघा, हसा" म्हणाला असेल तर शपथ! पोझ देणाऱ्यांचा त्याला मनस्वी तिटकारा. कुणी केस सारखे करून समोर उभं राहिलं, की हा मान खाली घालून बॅटरी तपासत बसायचा. त्यापायी बरी बरी गिऱ्हाइकं हातची गेली, पण खोड काही जाईना.

तर अशा या माणसाकडे एक मुलगी आली. लग्न आठ दिवसांवर. स्टुलावर बसली, पुढ्यातला अल्बम उघडलासुद्धा नाही.

"काका, बाबांचा एक फोटो हवाय. हसताना. त्यांना कळू न देता."

"मी सगळ्यांचेच तसे काढतो."

"तसं नाही हो." तिने अल्बम बाजूला सारला. "डॉक्टरांनी दोन महिने सांगितलेत. बाबांना आम्ही अल्सर आहे म्हणून सांगितलंय. नंतर भिंतीवर लावायला धड फोटो नाहीये एकही. कॅमेरा दिसला की चेहरा ताठ होतो त्यांचा."

बोक्याने तारीख वहीत लिहून घेतली.

लग्नाच्या दिवशी सकाळपासून तो त्या बापाच्या मागावर. कधी खांबाआडून, कधी खुर्च्यांच्या रांगांमधून. माणूस इतका खंगलेला, की कोट खांद्यावर ठरत नव्हता. येईल त्याची विचारपूस करायचा, पाहुण्याची पाठ वळली की चेहरा विझायचा. हसू यायचं ते ओठांपुरतं. चारशे फोटो झाले, कामाचा एक नाही. हॉल रिकामा व्हायला लागला. ही पोर हा दिवस पुन्हा कुठून आणणार होती?

लेन्स बदलायला तो सामानाच्या खोलीत शिरला, तर बाप तिथेच एका ट्रंकेवर बसलेला.

"या, या. सकाळपासून माझ्यामागे हिंडताय. सापडलं का काही?"

बोका दारातच थबकला. बावीस वर्षांत पहिल्यांदा पकडला गेला होता.

"भिंतीसाठी ना?" बाप म्हणाला. "अहो, अल्सर झालेल्या माणसाकडे घरचे असं बघत नाहीत. रिपोर्ट मी कधीच वाचलाय. पण मला माहीत नाही असं तिला वाटतंय, तेवढ्यावरच आज ती तग धरून आहे. तेवढं राहू द्या."

"मग... फोटो?"

"काढा की. पण चोरून काढल्यासारखा दिसला पाहिजे. कुठे बघू, सांगा."

सांगा म्हणे! ज्याने जन्मात कुणाला मान वळव म्हटलं नाही, तो सांगायला लागला. खिडकीपाशी या. चष्मा असू द्या. जरा डावीकडे. कुणीतरी हाक मारलीय असं समजा. बाप हसला, पण ते तेच, ओठांपुरतं. "नाही जमलं ना? पुन्हा घ्या." कपाळावर घाम आला, रुमालाने टिपला, पुन्हा मान वळवली. बाराव्या वेळी जमलं. असं जमलं, की कुणी खरंच हाक मारली का म्हणून बोक्याने दाराकडे पाहिलं.

"आला?" बापाने विचारलं. आला म्हटल्यावर दोन्ही हातांत तोंड लपवून तो ढसाढसा रडला. कॅमेरा बोक्याच्या हातातच होता. तो फोटो त्याने काढला नाही.

अडीच महिन्यांनी ती मोठी प्रत न्यायला आली. फोटो दोन्ही हातांत धरून बघतच राहिली. डोळे सुजलेले, पण चेहऱ्यावर जरासं समाधान.

"बघा ना काका, किती मनापासून हसलेत. शेवटपर्यंत काही कळलं नाही हो त्यांना."

"नाही कळलं," बोका म्हणाला, आणि मान खाली घालून बॅटरी तपासत बसला.