नानांची बोली

दुधाची पिशवी रिकामी झाली की केडगावातले आमचे शेजारी नाना ती कात्रीने उघडायचे, विसळायचे, विसळलेले पाणी चहात घालायचे आणि पिशवी चिमटा लावून तारेवर वाळत टाकायचे. गल्लीत कुणाकडे पाहुणे आले की पोरे त्यांना आधी ही तार दाखवायला नेत. "वाया जाईल असं जगात काईच नसतंय वहिनी," नाना मला सांगायचे, "फक्त त्याची जागा बदलती."

असा माणूस एक दिवस भरल्या मंगल कार्यालयात उभा राहिला आणि आपल्याच बायकोने फुकट दिलेला केक त्याने सगळ्यांत चढी बोली लावून विकत घेतला. आता तुम्हीच सांगा, संशय येणार नाही? मी तेव्हा अवघी चौसष्टची, म्हणजे तशी अजाणच. जगातली सगळी लबाडी आपल्याला एकटीलाच दिसते, असा त्या वयात समज असतो.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलींची शाळा बुडू नये म्हणून एक वसतिगृह आहे. त्याला मदत म्हणून आमचे महिला मंडळ वर्षातून तीन-चारदा घरच्या पदार्थांचा लिलाव करते. गणपतीच्या शेवटच्या दिवशी मानाच्या नारळाचा होतो ना, अगदी तसाच. त्यात नानांच्या पत्नीचा, कुसुमताईंचा, केक म्हणजे आमचा मानाचा नारळ. त्याच्यावर गुलाबबिलाब नसत. कधी ज्वारीचे भरलेले कणीस, दाणा न् दाणा सुटा. कधी तव्यावर टम्म फुगलेली भाकरी. लोक चढाओढीने बोली लावत आणि पुढे आठवडाभर चवीचे गोडवे गात. मग अचानक नानाच बोली लावू लागले. केक दुसऱ्या कुणाच्या हाती लागूच देईनात.

मी तर्क लढवले. केक बेकरीतून आणलेला असणार, कापला की पितळ उघडे पडेल, हा पहिला. पण बेकरीवाला ज्वारीचे कणीस कशाला करून देईल? दुसरा, नाना नगरसेवकपदाला उभे राहणार. तिसरा, केकात काहीतरी दडवलेले असते, हा मी देवळात एका मैत्रिणीच्या कानात सांगितला. तो संध्याकाळी शेपूट लावून माझ्याकडेच परत आला: केकात म्हणे सोने लपवलेले असते! शेवटी मी त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली कढीपत्ता तोडायला जाऊ लागले. झाड बोडके झाले, हाती काही लागले नाही. एकदा वरून नानांचा आवाज आला, "वहिनी, पाला न्या, न्हाई कोन म्हनतं? पर रोज कढीच करता व्हय तुमी?"

मग मी ठरवले, या खेपेला केक आपण घ्यायचा.

त्या वेळी केकवर कांदे साठवायची चाळ होती, आत एकेक लालसर कांदा. नानांनी बोली लावली. मी वर चढवली. नाना चमकून वळले.

"वहिनी, तुमाला शुगर हाय."

"मला आहे, नातवंडांना नाही."

कार्यालय हसले. नानांनी पुन्हा बोली लावली, मी पुन्हा चढवली. माणूस घामाघूम झाला. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, भीती होती. मला वाटले, चोर सापडला! अखेर ते मटकन खाली बसले. पुढच्या रांगेतल्या कुसुमताईंनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या, पण त्यांचे हसू मला जरा आंबटच वाटले.

घरी आल्या आल्या मी चाळीचा कोपरा कापला आणि मोठा घास घेतला. वरचे विकतचे क्रीम गोड, आणि आत नुसते मीठ. साखरेच्या मापाने घातलेले मीठ! मी मोरीकडे धावले. चूळ भरते आहे तोवर कडी वाजली. दारात नाना, हातात रिकामा डबा.

"वहिनी, कापला का?"

"कापला. छान गोड आहे."

त्यांनी माझ्या ताटलीकडे पाहिले. "गोड केक एक घास खाऊन कोन ठेवतं व्हय?"

मग ते खुर्चीत बसले आणि हळू आवाजात सांगू लागले. मोठ्या साथीत कुसुमताईंना ताप आला होता. ताप गेला, पण जाताना जिभेची चव आणि नाकाचा वास घेऊन गेला. रोजचा स्वयंपाक सवयीच्या हाताने निभत होता. केकला मात्र पिठीसाखर लागे, आणि पिठीसाखरेची नि मिठाची बरणी एकसारखी.

"भांड्याला लागलेलं पीठ वाया जाऊ नये म्हनून चाटलं, तवा मला कळलं. मी मिठाच्या बरनीला दोरा बांधला, तर तिनं सोडून टाकला. म्हनली, मला शिकवता व्हय? वहिनी, लोकांनी थू केलं तर ती केक करायचा सोडील. तापातनं उठल्यावर तेवढ्या एकाच गोष्टीपायी ती हसती. कुनाला बोलू नका."

"आणि हे इतके केक तुम्ही खाता?"

"मी कशाला? पारनेरला भावाच्या गाई हायेत. जनावराला मीठ लागतंच. मला बघितलं की हंबरतात आता." डब्यात केक भरताना त्यांनी ताटलीतला चुराही टिपून घेतला. जागा बदलती!

त्यानंतर लिलावात मी आणि नाना ठरवून भांडू लागलो. मी बोली चढवायची, त्यांनी घाम पुसायचा, शेवटी मी हरायचे. मंडळ खूश, गाई खूश. आमच्यात वैर आहे अशी सगळ्या केडगावची खात्री झाली.

मागच्या थंडीत नाना गेले. झोपेतच गेले. औषधपाण्याचाही खर्च होऊ दिला नाही.

यंदा कुसुमताई केक देतील असे कुणालाच वाटले नव्हते, पण त्यांनी दिला. त्यावर एक तार होती आणि तारेवर चिमट्यासकट वाळत घातलेली पांढरीशुभ्र दुधाची पिशवी. मी जिवाच्या आकांताने बोली लावली. हा केक दुसऱ्या कुणाच्या तोंडी जाता उपयोगाचा नव्हता. घरी आणला, पाण्याचा तांब्या जवळ घेतला आणि डोळे मिटून कणभर चाखला.

गोड. व्यवस्थित गोड.

तशीच चपला घालून त्यांच्याकडे गेले. त्या अंगणात ती रिकामी तार पुसत होत्या.

"चाखायला पलीकडच्या घरची सून बोलावली हुती," मी विचारायच्या आधीच त्या म्हणाल्या. "आता मिठाचा केक सोडवून न्यायला कोन हाय?"

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"पयल्या बारीला चुकूनच पडलं. यांनी बरनीला दोरा बांधला तवा कळलं. मग मी मुद्दामच बरन्यांकडं बघायचं सोडलं." त्यांनी फडके पिळले. "वहिनी, या मानसानं जन्मात मला गजरा आनला न्हाई. फुलं सुकून वाया जातात म्हनं. अन् तिथं चारचौघांत हुभं राहून माझ्यासाठी बोली लावायचा. मी कशाला सांगू?" मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाल्या, "चाळीच्या केकाला तुमी मधी तडमडलात, तवा लई राग आला हुता तुमचा."

घरी येऊन मी नातवंडांना केक वाटला. सगळी खाण्यात गुंतली तेव्हा माझ्या तुकड्यावर हळूच चिमूटभर मीठ टाकले.