कुंपणापलीकडच्या काकू

काकू आमच्याशी भांडायला कधी रिकाम्या हातांनी आल्या नाहीत. तक्रार किरकोळ असली तर अंडी, जरा गंभीर असली तर रानचेरीचा घरचा जॅम, आणि प्रकरण वकिलापर्यंत जायची शक्यता असली तर भट्टीत भाजलेला अख्खा अॅपल-पाय. त्यांचा जुना पिकअप धूळ उडवत येताना दिसला की माझा नवरा प्रशांत खिडकीतूनच ओरडायचा, "यार, आज डबा मोठा दिसतोय. काय करून ठेवलंय तुमच्या लोकांनी?"

'तुमचे लोक' म्हणजे आमचं अभयारण्य. अमेरिकेतल्या मोंटानाच्या उत्तरेला, नजर थकेल पण गवत संपणार नाही अशा माळावर गुरं पाळायचं एकेक जुनं रँच विकत घेऊन, काटेरी तारा काढून, नांगरलेल्या जमिनीत पुन्हा रानगवत पेरून तिथे बायसन, म्हणजे इकडचे केसाळ रानरेडे, सोडायचे, असा तो खटाटोप. मी तिथली जनावरांची डॉक्टर. नागपूरजवळच्या गोठ्यांमध्ये म्हशींची बाळंतपणं करत शिकले आणि इथे येऊन बायसनच्या रक्ताचे नमुने घेऊ लागले. प्रशांतचं आयटीतलं काम घरून चालायचं, म्हणजे इंटरनेट चालेल तेव्हा.

काकूंचं रँच आमच्या दोन तुकड्यांच्या बरोब्बर मध्ये होतं. दोन खोल्यांमधल्या उंबऱ्यावर कुणी पाट टाकून बसावं, तशा त्या बसल्या होत्या. पंच्याहत्तरी ओलांडलेली, नवरा गेलेला, मुलगा दूर अॅरिझोनात चँडलरला कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात इंजिनिअर. गुरं, कुत्रा आणि त्या. फाटकावर स्वतःच्या हाताने रंगवलेली पाटी : 'इथे गुरं राहतात. बायसनवाल्यांनी आपली वाट धरावी.'

त्यांना काकू केलं ते आमच्या मुलीने, ओवीने. चार वर्षांची होती. आईएवढी किंवा आईहून मोठी बाई दिसली की काकू म्हणायचं, एवढंच तिला शिकवलेलं. पहिल्याच भांडणाच्या वेळी ती दारात येऊन म्हणाली, "काकू, इज दॅट जॅम फॉर मी?" बाईंनी मला अर्थ विचारला. मी सांगितलं, वडिलांच्या भावाची बायको.

"हा भाऊ कुठे असतो?"

"नागपूरला. पण तसं नाही, उगाच आपलं म्हणायचं."

"म्हणजे न बघितलेल्या माणसाशी लग्न लावलंस तू माझं," त्या म्हणाल्या आणि जॅमची बाटली ओवीच्या हातात दिली. मग भिंतीवरच्या निळ्या कोटातल्या, चष्मा लावलेल्या फोटोकडे बघत त्यांनी विचारलं, "हे कोण? वकील दिसतात."

"वकीलच. आमच्या देशाची घटना लिहिली त्यांनी."

"मग कुंपणाचा कायदा तुला घरातच शिकवला असेल," असं म्हणून त्यांनी आमच्या मोडलेल्या खांबाचं प्रकरण काढलं.

'बायसन' हा शब्द पाटीवर लिहिला तेवढाच, तोंडाने त्यांनी कधी उच्चारला नाही. 'तुमची केसाळ गुरं' म्हणायच्या. एकदा आमचा एक नर विजेच्या कुंपणाला न जुमानता त्यांच्या अंगणात जाऊन उभा राहिला आणि गॅसच्या टाकीवर पाठ घासू लागला. काकूंचा फोन आला. "डॉक, तुमचा एक पाहुणा आलाय. दोन तास खिडकीतून ओरडते आहे, ऐकत नाही. अगदी माझ्या नवऱ्यासारखा."

आम्ही दोन गाड्या घेऊन पोचलो. त्याला हळूहळू वळवत फाटकाबाहेर काढेपर्यंत काकू खिडकीतून सूचना देत होत्या, आणि त्यातल्या निम्म्या तरी बरोबर होत्या. आता अॅपल-पायची किंमत मोजावी लागणार, या तयारीने मी दारात गेले. काकू म्हणाल्या, "मागचा डावा पाय बघ त्याचा. टेकवत नाहीये नीट." मी दुर्बीण लावली. खुराजवळ खरंच जखम होती. केसाळ गुराकडे इतकं निरखून पाहिल्याबद्दल आभार मानले, तर दार धाडकन लागलं.

जमीन विकत मागायला आमचे डायरेक्टर टाय लावून जायचे आणि कॉफी पिऊन परत यायचे. मी फक्त कुंपण बदला म्हणत होते. आमच्या माळावर प्राँगहॉर्न नावाचं हरणासारखं जनावर आहे. धावायला लागलं तर गाडीला ऐकत नाही, पण कुंपणावरून उडी मारायला काही शिकलं नाही. खालच्या तारेखालून सरपटत जातं. काकूंची खालची तार काटेरी आणि जमिनीला जवळजवळ टेकलेली. तेवढी एक तार वर घ्या, बिनकाट्याची लावा, खर्च आमचा, असं मी दरवर्षी सांगायचे. त्या दरवर्षी म्हणायच्या, "शेजारी निवडता येत नाही, डॉक. कुंपण निवडता येतं. हे माझ्या बापाने आणि मी मिळून घातलंय."

मग एक हिवाळा असा आला की बर्फ पडतच राहिलं. उत्तरेकडून प्राँगहॉर्नचे कळप खाली निघाले आणि काकूंच्या कुंपणाशी येऊन अडकले. तारेखालची होती नव्हती तेवढी फटही बर्फाने बुजून गेली होती. सकाळी मी आणि प्रशांत रस्त्यावरून बघत होतो. शेकडो जनावरं तारेला लागून उभी. काही बसली होती, आणि बसलेल्यांपैकी काही पुन्हा उठणार नव्हती. दुसऱ्याच्या कुंपणाला हात लावायचा नाही, हा आमच्याकडचा पहिला नियम. तो मोडला असता तर आसपासच्या एकाही रँचवर आम्हाला पुन्हा कुणी उभं केलं नसतं.

"फोन तर कर," प्रशांत म्हणाला. "फार तर नाही म्हणतील."

मी फोन केला. दोन ठिकाणी तार कापू द्या, संध्याकाळपर्यंत जोडून देते, म्हणाले.

"नाही," काकू म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मी गाडीत बसून रडले. प्रशांतने हीटर वाढवला. आम्ही निघणार तेवढ्यात पलीकडून, कुंपणाच्या आतल्या बाजूने, तो पिकअप येताना दिसला. बर्फात रुतत, पुन्हा मागे येत, पुन्हा पुढे. काकू उतरल्या. नवऱ्याचा कोट घोट्यापर्यंत आलेला, हातात तार कापायची मोठी पक्कड. मी धावत गेले.

"लांब उभी राहा. ताणलेली तार आहे, तोंडावर उसळेल."

"काकू, मी कापते ना."

"तुला परवानगी दिलेली नाही. माझं कुंपण आहे, मी तोडीन."

खालची तार तुटली, मग मधली, मग वरची. दोन खांबांमधली वाट मोकळी झाली. पण जनावरं जागची हलेनात. बुजून मागेच सरकली. काकूंनी मला हाताला धरून पिकअपच्या आडोशाला ओढलं. आम्ही दोघी टायरला टेकून बसलो. बऱ्याच वेळाने एक म्हातारी मादी पुढे आली. वास घेतला, थांबली, आणि गेली. तिच्यामागे दुसरी. मग सगळा कळप धो धो करून निघाला. अंगावर बर्फाचे सपकारे येत होते आणि काकू बसल्या जागी म्हणत होत्या, "चला, चला, माझ्या गवताच्या गंजीकडे तेवढं जाऊ नका."

ती सगळी गंजीकडेच गेली. दुसऱ्या दिवशी फोन. "तुमच्या हरणांनी माझ्या गुरांचा चारा खाल्ला."

"ती आमची नाहीत, काकू. ती कुणाचीच नाहीत."

"मग मी तक्रार कुणाकडे करायची?"

आमच्याकडचा चारा आम्ही पोचवला. वसंतात त्यांनी मला बोलावून कुंपण बदलायला सांगितलं. खालची तार वर, बिनकाट्याची. पाटी मात्र नव्याने रंगवून घेतली. तीही प्रशांतकडून, आणि अक्षर वाकडं आलं म्हणून दोनदा.

पुढे काकूंचे गुडघे बोलायला लागले. मुलगा येऊन त्यांना चँडलरला न्यायला निघाला. आमच्या डायरेक्टरांनी टाय काढून ठेवला होता, तो पुन्हा लावला. काकूंनी जमीन विकली नाही. ती गावातल्या एका तरुण जोडप्याला गुरं चारायला दिली. अट एकच, तार खाली आणायची नाही. "तुझा साहेब खट्टू होईल," त्या मला म्हणाल्या. "होऊ दे. त्याला कॉफी फुकट मिळालीये इतकी वर्षं."

जायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला अभयारण्य दाखवायला सांगितलं. इतक्या वर्षांत त्या आत आल्याच नव्हत्या. दाखवायचं मी होतं, पण बोलत होत्या त्याच. इथे आमची एका खोलीची शाळा होती, इथे बापाची गाडी चिखलात रुतली. एका चढावर मी गाडी थांबवली. खाली कळप चरत होता, नारिंगी रंगाची नवी पिल्लं आयांच्या पायांत घुटमळत होती. काकू बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "गवत बरं आहे."

रँचवरच्या माणसाकडून याहून मोठी दाद मिळत नाही, हे मला तोवर कळलं होतं.

"पण माझी हरकत अजून आहे, डॉक."

"माहीत आहे, काकू."

"असायलाच हवी. तुम्ही भली माणसं आहात, आणि भल्या माणसांना कुणी नाही म्हणत नाही. मी गेल्यावर ते काम तू कर."

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

चँडलरहून त्यांचे फोन यायचे. तिथलं ऊन, तिथलं दगडगोट्यांचं अंगण, आणि कुंपणाऐवजी असलेली भिंत, जिच्यातून शेजारी दिसतसुद्धा नाही, भांडायचं कुणाशी? गेल्या पावसाळ्याच्या सुमारास फोन आला तो मुलाचा. झोपेतच गेल्या. ओवी आता अकरा वर्षांची आहे. ती बाहेर जाऊन पायरीवर बसली. मीही तिच्या शेजारी जाऊन बसले.

परवा आमच्या ऑफिसात मीटिंग होती. माळामधून जाणारा एक जुना कच्चा रस्ता कायमचा बंद करायचा ठराव होता. कारणं चांगली होती, नकाशाही सुंदर होता, सगळे माना डोलवत होते. त्या रस्त्याने उन्हाळ्यात शेजारची दोन कुटुंबं गुरं पाण्यावर नेतात, हे कुणी बोलेना. डायरेक्टर म्हणाले, "तर मग सगळ्यांना मान्य आहे."

मी हात वर केला.