बिनउंबरठ्याची बारा घरं

"साहेब, श्रावण आज पुन्हा माह्या घरी जेवून गेला!"

सोसायटीचे चेअरमन तुकारामभाऊ कुबडी आपटत माझ्यापुढे उभे होते. दोन दिवसांनी एक्झिक्युटिव्ह इंजिनियर तपासणीला येणार होते, आणि इथे हे!

महाराष्ट्र राज्य नवं होतं, तेव्हाची गोष्ट. मी खामगावला ओव्हरसियर होतो. म्हणजे साहेबांचा नकाशा जमिनीवर उतरवायचा आणि चुकला की बोलणी खायची. गावातल्या अपंग मंडळींनी हाउसिंग सोसायटी काढली होती. दिसतं त्याने चूल सांभाळायची, चालता येतं त्याने पाणी भरायचं. भाऊंचा पाय कापसाच्या जिनिंग कारखान्यातल्या पट्ट्यात गेलेला. उंबरठ्याला कुबडी अडकते म्हणून त्यांनी आधीच बजावलं होतं. मी उंबरठे घातलेच नाहीत. बारा घरं, एक ओळ, एक माप. मी जाम खूश होतो.

श्रावण आंधळा. बाजा विणायचा. त्याला बोलावलं.

"काऊन बे," भाऊ कडाडले, "तुले सोताचं घर समजत नाई?"

"कसं समजन? जुन्या घराले उंबरा व्हता, पायाले लागे. इथं दारं मोजत येतो. मधात कोणी बोललं का मोजणं चुकते."

"चव त समजते ना?"

"समजते. म्हणून त उठत नाई."

मला हसू आलं, पण प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. उंबरठे घाला, नाहीतर आम्ही निघालो, असं आंधळे सभासद म्हणाले. घातले तर आम्ही निघालो, असं कुबडीवाले म्हणाले. निम्मे गेले की सोसायटी मोडणार आणि उरलेल्यांचं छप्पर जाणार.

संध्याकाळी श्रावण परत जाताना मी बघत होतो. दारापाशी त्याने वहाणा काढल्या आणि अनवाणी पायाने जमीन चाचपली. आपल्याकडे घरात शिरताना सगळेच वहाणा काढतात. डोक्यात एकदम प्रकाश पडला.

दुसऱ्या दिवशी गोदामातला उरलासुरला माल आणला. एका दारापुढे शहाबादी फरशी, एकापुढे विटा, एकापुढे ठोकून बसवलेले गोटे, एकापुढे नुसतं शेणाचं सारवण, असं प्रत्येक दारापुढे वेगळं. सगळं सपाट, कुबडी अडकणार नाही असं. श्रावण अनवाणी ओळीने चालला. "हे भाऊचं, गोटे टोचले. हे माह्यं, गार लागलं."

तपासणीला मोठे साहेब आले आणि भडकले. "बारा घरांना बारा तऱ्हा? नकाशात एकच फरशी आहे. उखडा सगळं!"

"साहेब," भाऊ म्हणाले, "डोये झाका अन् तुमीच चालून पाहा. श्रावणचं घर धुंडा."

साहेब हट्टाला पेटले. डोळे मिटले, हात पुढे केले आणि पायातल्या बुटांसकट थेट भाऊंच्या चुलीपाशी पोचले. वहिनी भाकरी थापत होत्या. त्यांनी मान वर केली.

"आनखी एक आला जेवाले! बसा आता."

साहेब बूट काढून बसले. पिठलं-भाकरी खाल्ली, अनवाणीच बारा घरं फिरले आणि रिपोर्टवर सही केली. सोसायटीतून कोणीही गेलं नाही.

पुढे नोकरीभर मी कुठल्याही साइटवर आधी वहाणा काढून एक चक्कर मारायचो. मजूर मला फार देवभोळा समजत.