साहेबाचा गोल्फ आणि आमची खळगी

रस्त्याच्या कामावरचा गोरा साहेब जुन्नरजवळच्या आमच्या माळावर गोल्फ खेळायची जागा आखायला आला, तेव्हा त्यानं जमिनीला कुदळ म्हणून लावू दिली नाही. नुसता वर-खाली हिंडायचा. आमचे धनी तिथं मेंढरं चारायचे. वारा चुकवायला मेंढरं उताराला बसायची, तिथलं गवत झिजून मुरूम उघडा पडला होता. ते खड्डे त्यानं तसेच ठेवले. चेंडू त्यात पडला की काढताना साहेबाला घाम फुटायचा. गवत आखूड राखायला मेंढरंच. खरं सांगते, मला ते लई आवडलं. आहे त्या जमिनीवर खेळ मांडायलाही अक्कल लागते.

पण चेंडू घालायचं शेवटचं भोक त्यानं टेकाडामागच्या खळगीत धरलं, ते मात्र मला खटकलं. पिलेगाची साथ आली की आमचं गाव घरं सोडून त्याच खळगीत झोपड्या घालायचं. वाऱ्याला आडोसा, पाणीही जवळ. पाटलानं वचनाची सुपारी हातावर ठेवून साहेबाला शब्द दिला, की तिथं गावातलं कुणी पाऊल टाकणार नाही.

"आन् साथ आली तर?" मी धन्यांना विचारलं.

"तवाचं तवा बघू. वंगाळ बोलू नगंस."

दिवाळी सरली आणि आमच्या कणगीमागं उंदीर मरून पडला. साथीची हीच पहिली खूण. मग शेजारच्या घरात. मी बोचकं बांधलं, लेक कडेवर घेतली. पाटील आडवा आला. साहेब पुण्याला गेलेला, त्याला विचारल्याबिगर शब्द मोडायचा न्हाई, म्हणाला. दुसरीकडं जावं तर पाणी नव्हतं. सगळे पुरुष माना डोलवत बसले. शब्दाचे लई पक्के, मेले! मी रोज मेलेले उंदीर घराबाहेर काढत वाट बघत राहिले. लेक त्याच जमिनीवर खेळायची.

साहेब आला. माणूस भला. "विचारत कशाला बसलात? आधीच जायचं," म्हणाला आणि भोकातलं निशाण त्यानं स्वतः उपटलं. दिवस मावळेपर्यंत झोपड्या उभ्या राहिल्या. पाटील मिशीवरून हात फिरवत सांगत होता, "बघा, शब्द बी ऱ्हायला आन् जागा बी मिळाली."

मी झोपडीत लेकीचं झबलं बदलत होते. तिच्या काखेत बोराएवढी गाठ हाताला लागली. अंग तव्यासारखं तापलेलं.

"आय, थंडी वाजती," ती म्हणाली.

बाहेर धनी चुलीसाठी दगड शोधत होते. मी बोचक्यातली गोधडी काढून तिला गुंडाळलं.